अर्ध्या वाटेवरचे तंबू

आत-बाशी
१८ ऑक्टोबर २००५

चि. बुरुलचा हिस थोरल्या भावाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आम्ही तिघं सुखरूप घरी पोचलो. डोलोनच्या घाटात बर्फ लागलं. ड्रायव्हरने आम्हाला दोनदा उतरवून गाडी ढकलायला लावली आणि तुझ्या वहिनीने, सायकालने, त्याला उरलेल्या वाटेभर गाडी कशी हाकावी याचे धडे दिले. आकमूरला मात्र वाटेत एकदाही आकडीचा झटका आला नाही. नव्या गोळ्या घड्याळ लावून देतो आहोत.

त्या मशीनमध्ये निजवून तुम्ही तिच्या डोक्याचा जो फोटो काढलात, तो तिने खिडकीच्या काचेला चिकटवला आहे. येईल त्याला दाखवते. शेजारच्या म्हातारीने हा अक्रोड कुठल्या झाडाचा म्हणून विचारलं. आकमूरने तिला ऐकवलं, की आत्या म्हणते, इतरांच्या डोक्यात मेंदूचा एकच पट्टा असतो, माझ्यात वर एक आणि खाली एक असा दुप्पट माल आहे. म्हातारी गार पडली. पोरीला शाळेत बेरीज जमत नाही, पण तोंडाने ती आपल्या आईवर, आपावर गेली आहे. आपा असती तर तिला पाहून केवढी खूश झाली असती.

आता मुद्द्याचं. आपला लोकरीच्या नमद्याचा तंबू मी देऊन टाकायचं ठरवलं आहे. पर्यटकांसाठी तंबूंचा तळ चालवणारा एक जण मे महिन्यात येऊन घेऊन जाईल. मेंढ्या सायकालचा चुलतभाऊ उन्हाळ्यात वर जायलूच्या कुरणावर नेईल. माझे गुडघे आता चढण मागत नाहीत, एवढंच कारण समज आणि मला उलट पत्र लिहून उपदेश करू नकोस. आकमूर चार दिवस माझ्याशी बोलत नाहीये. घरची मुलगी पंधराव्या उन्हाळ्यापासून काफिल्याच्या पुढे घोड्यावर बसते, हे तिच्या डोक्यात कुणी भरवलं ते मला ठाऊक आहे. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या डोक्यांत काय भरायचं ते भर, माझ्या पोरीच्या नको.

सोबत यंदाचं दही वाळवून केलेल्या कुरुताची पिशवी पाठवली आहे. चघळून खा, दात जपून. तिच्या रक्ताच्या तपासणीचं काही कळलं की कळव. लोभ शहरातल्या हवेने पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
तुरगनबाय

*

बिश्केक
६ नोव्हेंबर २००५

ति. तुरगनबाय बाइके यांस,
बुरुलचाचा शि. सा. न. वि. वि.

कुरुत मिळालं. पिशवी उघडताच सगळ्या प्रयोगशाळेला आपल्या गोठ्याचा वास सुटला. आमच्या मोठ्या बाईंनी नाक मुरडलं आणि दुपारपर्यंत पाच गोळे गट्ट केले.

उपदेश करत नाही. नुसत्या आठवणी लिहिते, त्याला तरी तुमची बंदी नाही ना? तुम्हाला आठवतं, जायलूवर निघायच्या दोन दिवस आधी आपले वडील, आपले आता, एकटेच पुढे जायचे. ते खिंड ओलांडून वर पोचले की घोड्यावरून उतरायचे आणि जमिनीवर तळहात टेकवून बघायचे, कुठे ओल आहे, कुठे दगड आहे, कुठे तंबू उभा राहील. ते परत येऊन मान हलवायचे, मग आपा छताचं चक्र उतरवायची, दांडे काढायची, भिंतीच्या जाळ्या मिटायची. संध्याकाळी तेच सगळं दुसऱ्या जागी उभं. मला लहानपणी वाटायचं, की घर हे चालणारंच असतं.

आकमूरने मला इथे विचारलं होतं, की तू दिवसभर त्या नळीत डोळा घालून काय बघतेस. तिला मी सांगितलं ते तुम्हालाही सांगते. गर्भाच्या मेंदूतल्या पेशी खाली खोलवर जन्मतात आणि त्यांचं राहायचं ठिकाण असतं वर, पृष्ठभागाशी. तिथवर त्यांना एका धाग्याला धरून चढावं लागतं. प्रत्येक पेशी आधी एक लांब हात पुढे काढते. त्या हाताच्या टोकाशी अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे बारीक धागे असतात, ते वाट चाचपतात. ते आपले आता. मग मागून नळ्यांसारखे दांडे पुढे सरकतात, पेशीच्या गाभ्याभोवती जाळी धरतात आणि तो जड गाभा ओढून पुढे आणतात. ती आपा, संसारासकट. पेशी जरा दम खाते, पुढचे दांडे मोडते, पुन्हा जोडते, पुन्हा हात पुढे. पेशीचा सांगाडा म्हणजे उभा करून विसरायची भिंत नव्हे बाइके. तो मोडता येतो म्हणून तर ती चालू शकते.

आणि दांडे एकमेकांशी बांधून ठेवायला वाद्या लागतात. आपण कच्च्या चामड्याच्या लावतो, पेशी एका प्रथिनाच्या लावते. आपल्या तंबूच्या दाराजवळच्या गाठी मी मारलेल्या आहेत, आठव्या वर्षी. आपा माझी बोटं पाण्यात बुचकळायची आणि ओल्या वादीला पीळ दे म्हणायची. सुकल्या की त्या गाठी दगड होतात. तुम्ही त्या गाठी परक्या माणसाला देणार?

बाइके, तुमचे गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत. खरं कारण दुसरं काहीतरी आहे. रक्ताचे नमुने परदेशी गेले आहेत, वसंतात कागद येईल. तोवर त्या माणसाला अंतिम शब्द देऊ नका, एवढं माझ्यासाठी करा. फोनवर तुम्ही नुसतं हवामान सांगता, म्हणून पत्रच लिहा. सायकाल जेंगेंना नमस्कार, आकमूरला पापा. मी दूर असले तरी चुलीजवळची माझी जागा कुणाला देऊ नये.

आपली धाकटी,
बुरुलचा

*

आत-बाशी
१२ जानेवारी २००६

आमच्या लेखणीबाईंस,
सायकालचा नमस्कार. वि. वि.

तुमचं नाव मी घेत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. या घरात आले तेव्हा तुमच्या कानामागे सदा पेन्सिल असायची, म्हणून मी तुम्हाला लेखणीबाई केलं, आणि आता तुम्ही एवढ्या मोठ्या झालात तरी तेच चाललंय. हे गवत आणायला गेले आहेत. ते यायच्या आत हे पत्र पूर्ण करून टपालात टाकायचं आहे. यांना यातलं काही कळू देऊ नका. सासूबाईंच्या आठवणीची शपथ घालते.

तंबू का निघाला हे मला माहीत आहे. यांना कोक-बेलची खिंड पुन्हा बघायची नाही. मलाही नाही. पण यांचं कारण काय ते हे बोलत नाहीत. बहुतेक माझ्यावरचा राग असणार आणि माणूस चांगला म्हणून तोंडाने काढत नसणार. माझं कारण आज तुम्हाला लिहिते.

आकमूरच्या वेळी मला सातवा होता. त्या जूनमध्ये दरड कोसळून ट्रकचा रस्ता बंद झाला, म्हणून जुन्या पद्धतीने घोड्यांवरून जायचं ठरलं. सासूबाईंना केवढा आनंद झाला. त्यांनी पेटीतून चांदीचं खोगीर काढलं. पुढे बसायचा मान खरं तर लेकीचा, पण तुम्ही लेनिनग्राडला परीक्षेला अडकलेल्या, म्हणून सुनेला बसवलं. मी नको म्हटलं नाही. खोटं कशाला सांगू, मला बसायचंच होतं. माझ्या माहेरी कधी असा मान कुणाला मिळाला नव्हता.

खिंडीच्या पायथ्याशी सगळे थांबलो. घोडी धापा टाकत होती. मला तिची दया आली, मी खोगिराचा पोटाखालचा तंग सैल केला. निघताना तो पुन्हा आवळायला वाकले तर पोटामुळे हात पुरेना. हे लांब होते, दुसऱ्या वस्तीच्या माणसांत. हाक मारायची तर नावाने मारावी लागणार, आणि सासरे समोर उभे. नवऱ्याचं नाव सासऱ्यांसमोर सून घेते का? मी कुणालाच काही बोलले नाही. धोंड्यावरून चढून बसले. पुढच्या वळणावर खोगीर फिरलं आणि मी दगडांत पडले.

ऑगस्टअखेर पोर झाली. तिसऱ्या वर्षी तिला पहिला झटका आला तेव्हा मला कळलं की हे कुठून आलं. एका हाकेचा प्रश्न होता हो. लाजेपायी मी माझ्या पोरीचं डोकं घालवलं. आता तुम्हीच सांगा, त्या फोटोतला पट्टा म्हणजे त्या दिवसाचा मार आहे का? खरं असेल ते लिहा. पण मला एकटीला लिहा.

आकमूर तुम्हाला विचारते, की तुमचे उंदीर थंडीत काय खातात. तिने पुन्हा वडिलांशी बोलणं सुरू केलं आहे, पण फक्त घोड्यांविषयी. राग मानू नये, माया असू द्यावी.

तुमची जेंगे,
सायकाल

*

आत-बाशी
२ फेब्रुवारी २००६

चि. बुरुलचा हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझं नोव्हेंबरचं पत्र तीन वेळा वाचलं. पेशी दांडे मोडते आणि जोडते, तिथवर समजलं. पुढे तू मला कोपऱ्यात गाठलंस. तू लहानपणीही असंच करायचीस, आधी गोष्ट सांगायची आणि मग खिशातली खडीसाखर मागायची.

तर घे. हे सायकालला कधीही कळता कामा नये. तिने पोरीसाठी जे सोसलंय त्यावर हे आणखी नको.

आताने मला पंधरा वर्षांचा असताना एक काम दिलं होतं. खिंडीच्या पायथ्याशी काफिला थांबला की प्रत्येक घोड्यापाशी जायचं, तंगाखाली दोन बोटं घालून बघायचं आणि आपल्या हाताने आवळायचं. पहिला घोडा बाईमाणसाचा. काफिला घोड्यांवरून गेला त्या प्रत्येक वर्षी मी ते काम केलं. ज्या उन्हाळ्यात सायकाल पुढे होती त्या उन्हाळ्यात केलं नाही. दुसऱ्या वस्तीचे लोक भेटले, घोडीच्या दुधाच्या कुमिसचा वाडगा फिरत होता, कुणीतरी घोड्यांवरून बोकड पळवायच्या खेळाची गोष्ट रंगवून सांगत होता, मी हसत उभा राहिलो. मग तिथूनच ओरडलो, चला. सात महिन्यांची गरोदर बायको घोड्यावर, आणि मी तिथूनच ओरडलो.

ती पडली तेव्हा मी उचलायला धावलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि काही म्हटलं नाही. आजवर काही म्हटलेलं नाही. तिला कळलं नसेल असं कसं होईल? ती बोलत नाही आणि मी विचारत नाही, असे आम्ही पंधरा वर्षं एका चुलीवर चहा पितो आहोत. आता आकमूर म्हणते, मी पुढे बसणार. त्याच खिंडीत, त्याच खोगिरावर. मी कोणत्या तोंडाने तिचा तंग आवळू? त्यापेक्षा तंबूच नको.

तुला शास्त्र कळतं. माझी समजूत घालायला काहीबाही लिहू नकोस. खोटं लिहिलंस तर तुझ्या अक्षरावरून मला कळेल.

कागद आला की कळव. त्या माणसाला शब्द दिलेला नाही अजून.

तुझा,
तुरगनबाय

*

बिश्केक
९ एप्रिल २००६

ति. बाइके आणि जेंगे, दोघांस,
बुरुलचाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम दोघांच्या नावे लिहिते आहे. आकमूरला मधे बसवा, जेंगेंनी मोठ्याने वाचावं, बाइकेंनी शेवटपर्यंत तोंड उघडू नये.

रक्ताचा कागद आला. मागे बाइकेंना मी वाद्यांविषयी लिहिलं होतं. दांडे बांधून ठेवणारं जे प्रथिन, त्याचं नाव डबलकॉर्टिन. ते कसं बनवायचं याचा जो पाठ प्रत्येक पेशीत असतो, त्यात आकमूरच्या बाबतीत एक अक्षर बदललेलं आहे. तुम्हा दोघांच्या रक्तात तो बदल नाही. तो तिच्यातच नव्याने झाला, तिचं अस्तित्व सुरू होताना किंवा त्याच्या आसपास, तेव्हा जेंगेंना आपल्याला दिवस गेलेत हेसुद्धा ठाऊक नव्हतं. कुणी काही खाल्ल्याने, उचलल्याने, पडल्याने असा बदल होत नाही.

मुलींकडे या पाठाच्या दोन प्रती असतात आणि प्रत्येक पेशी त्यातली एकच उघडून वाचते. आकमूरच्या निम्म्या पेशींनी चांगली प्रत उघडली. त्यांचे दांडे घट्ट होते, त्या वर पोचल्या. निम्म्यांच्या वाद्या निसटल्या. जाळी धरेना, गाभा ओढवेना. त्या चढणीच्या मध्यावर थांबल्या आणि तिथेच त्यांनी तंबू ठोकले. फोटोतला खालचा पट्टा म्हणजे तो थांबलेला काफिला. आकमूर, नीट ऐक. तो मेलेला नाही. तिथेही चुली पेटतात, तिथूनही निरोप जातात, फक्त कधी कधी सगळे एकदम बोलतात आणि तुला झटका येतो. ते तंबू आता वर नेता येणार नाहीत, हे मी तुला खोटं न सांगता सांगते. गोळ्यांनी त्यांचा गलका कमी ठेवता येतो. तू मोठी होऊन संसाराचा विचार करशील तेव्हा आधी माझ्याकडे ये, त्याविषयी काही सांगायचं आहे.

आता तारखा. तारखा मी माझ्यासाठी लिहिते आहे, कारण तुम्हाला मी एक गोष्ट कधी सांगितली नाही. त्या वर्षी लेनिनग्राडला माझी कुठलीही परीक्षा नव्हती. ती मेच्या शेवटीच संपली होती. मी मैत्रिणींबरोबर समुद्र बघायला गेले आणि आपाला खोटं पत्र लिहिलं. काफिल्याच्या पुढे मी असायला हवी होते. माझ्या जागी जेंगे बसल्या आणि पडल्या. आकमूरला पहिला झटका आल्याचं कळलं त्या आठवड्यात मी माझा विषय बदलला. बाइके, तुम्ही मला उंदीरवाली म्हणता. मी इतकी वर्षं त्या नळीत काय शोधत होते ते आज कळलं असेल.

तर त्या तारखा. आकमूरचा जन्म ऑगस्टअखेरचा. मागे मोजलं तर तिच्या मेंदूतल्या पेशींची मोठी चढण जानेवारीच्या शेवटी सुरू झाली आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत उरकली. तेव्हा अंगणात बर्फ होतं, तुम्ही दोघं घरात शेगडीपाशी होता आणि घोडी गोठ्यात. जो काफिला थांबायचा तो तेव्हाच थांबला. जूनमध्ये कोक-बेलला जेंगे पडल्या, त्याच्या कितीतरी आधी ते तंबू ठोकून झाले होते. ऑक्टोबरात फोटो बघून मला हा अंदाज आला होता, पण पोटात मार लागूनही मेंदूला इजा होते, आणि फोटो वाचण्यात चूक होते. नुसत्या अंदाजावर स्वतःचं ओझं उतरवायचा मला धीर झाला नाही, म्हणून कागदाची वाट पाहिली. तो सोबत आहे. बाइकेंनी माझं अक्षर तपासावं.

मी आज प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर रडले. मोठ्या बाईंनी मला चहा दिला आणि उरलेलं कुरुत स्वतः खाल्लं.

तंबूचं तुम्ही ठरवा. डॉक्टरांना विचारलं आहे. सहा महिने झटका नाही, तेव्हा शांत घोडा असेल आणि बापाच्या हातात दोर असेल तर आकमूर बसू शकते. आता तुमच्यावर सोपवते, माझ्यावरची माया आहे तिथेच राहू द्या.

तुमची,
बुरुलचा

*

जायलूवरून
१४ जून २००६

चि. बुरुलचा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तंबू उभा आहे. तू आठव्या वर्षी मारलेल्या गाठींपैकी एक तुटली, बाकीच्या दगड आहेत. तुटलेली मी बांधणार नाही. जुलैत ये आणि तूच बांध. पेन्सिल आण, उंदीर आणू नकोस.

तुझं पत्र सायकालने वाचलं. जूनची ओळ आली तेव्हा तिने कागद आकमूरच्या हातात दिला आणि पुढचं पोरीने एकेक अक्षर लावत वाचलं, तासभर लागला. मी तोंड उघडलं नाही, तुझी आज्ञा होती.  दुसऱ्या दिवशी मी त्या तळवाल्याला नाही म्हणून कळवलं आणि ती चांदीचं खोगीर राखेने घासत बसली. तुझ्या परीक्षेवरून तुला जे बोलायचं आहे ते तू आलीस की समोर बोलेन. समुद्र कसा होता तेही सांग.

आकमूर म्हाताऱ्या करड्या घोड्यावर पुढे होती, डोक्याला आपाचा रुमाल, दोर माझ्या हातात. अर्ध्या चढणीवर सपाटी आहे ना, तिथे तिने काफिला थांबवला. कारण विचारलं तर म्हणाली, अर्ध्या वाटेवर राहणाऱ्यांनाही चहा मिळाला पाहिजे. चहा केला. आता कसली घाई आहे.

त्याच्या आधीची एक गोष्ट शेवटी लिहायची म्हणून ठेवली. पायथ्याशी थांबलो तेव्हा मी सरळ आकमूरच्या घोड्यापाशी गेलो, गुडघा टेकला आणि तंगाखाली दोन बोटं घातली. घोड्याच्या पलीकडे सायकाल होती. मी इकडे वाकलेला, तिला दिसलो नाही. तिने एकदम मोठ्याने हाक मारली. तीन वस्त्यांची माणसं होती, पांढऱ्या दाढीचे बसलेले होते, आणि तिने वीस वर्षांत पहिल्यांदा माझं नाव घेतलं. 'तुरगनबाय, इकडे ये, पोरीचा तंग आवळ.'

 मी घोड्याच्या पोटाखालून म्हणालो, की आवळतोच आहे. तिने खाली वाकून पाहिलं, माझा हात वादीवर होता. मग ती तिथेच धोंड्यावर बसली आणि तिने मला सांगितलं, की त्या दिवशी तिला हाक का मारता आली नाही. मीही सांगितलं, की त्या दिवशी मी कुठे उभा होतो. म्हणजे तुझ्याकडे दोघांचीही पत्रं होती आणि तू एकीचा शब्द दुसऱ्याला कळू दिला नाहीस. तू फार वाईट आहेस आणि मी तुझा भाऊ आहे याचा मला अभिमान आहे.

आता ती दिवसातून वीसदा नाव घेते. पाणी आण म्हणून, बाजूला हो म्हणून, कधी काही कामच नसतं. मी दर वेळी ओ देतो.

तुझा,
तुरगनबाय